उसाच्या पाचटाची वैरण, धिंगरीच्या बुरशीतून : मोहोळ तालुक्यातल्या एका गोठ्याचे प्रकरण

सीना नदीकाठी, मोहोळ तालुक्यात पाच एकरांची एक वस्ती. तीन एकर ऊस, दोन एकर मालदांडी ज्वारी. दावणीला चार जनावरे: दुधातली एक पंढरपुरी म्हैस, दुसरी भाकड, दीड वर्षाची वगार आणि एक संकरित गाय. कारखाना चालू असेपर्यंत वैरणीची ओढ लागत नाही, कारण तोडीच्या फडातून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतात. मार्चमध्ये गाळप संपून पट्टा पडला की वाढे बंद होतात आणि सगळा भार कडब्यावर येतो. दोन एकरांतला कडबा मेअखेर संपतो. मृग बरसून बांधावर हिरवे दिसायला जुलै उजाडतो. मधले पाच-सहा आठवडे विकतच्या कडब्यावर काढायचे, आणि नेमका तेव्हा कडबा शेकडा, म्हणजे शंभर पेंढ्यांना, अडीच हजाराच्या खाली मिळत नाही.

याच घरात दरवर्षी ऊस तुटला की पाचट पेटवले जायचे. एकरी तीन टनांच्या आसपास वाळलेला पाला, म्हणजे नऊ टन, एका संध्याकाळी राख. धिंगरी अळिंबीच्या बुरशीने वाळका पाला मऊ होतो आणि जनावरे तो खातात, असे ऐकून घरातल्यांनी एका गाळप हंगामात तीन घाणे करून पाहिले. पहिला पूर्ण वाया गेला, दुसरा अर्धामुर्धा हाती आला, तिसरा जमला. तिन्हींची नोंद इथे आहे. बुरशीच्या वैरणीत माणसे जिथे जिथे फसतात त्या जवळजवळ सगळ्या जागा या तीन घाण्यांत येऊन गेल्या.

बुरशी करते काय

पाचटात अन्न नाही असे नाही. सेल्युलोज आणि हेमीसेल्युलोज मिळून त्याचा निम्म्याहून बराच जास्त भाग होतो, आणि ही दोन्ही जनावराच्या कोटीपोटातले, म्हणजे रवंथाआधी चारा साठतो त्या मोठ्या पोटातले, जिवाणू पचवू शकतात. अडचण काडीला कडक करणाऱ्या लिग्निनची. जुन्या माळवदाच्या घराची भिंत आठवा: पांढऱ्या मातीत भुसा कालवून थापलेला असतो, आणि भिंत वाळली की त्यातली एक काडी सुद्धा ओढून निघत नाही. पाचटात सेल्युलोजची काडी तशीच लिग्निनमध्ये जखडलेली असते. जिवाणू बाहेरून खरवडत बसतात, तोवर घास पोटातून पुढे सरकतो आणि शेणात पडतो.

कोटीपोटात स्वतःच्या बुरश्या असतातच. ब्रिटनमध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ मध्ये त्या ओळखल्या. त्याआधी त्यांचे पोहणारे बीजाणू एकपेशीय प्राणी म्हणून मोजले जात. या बुरश्या काडीत शिरून ती फोडतात, पण लिग्निन त्यांना मोडता येत नाही. लिग्निन मोडायला प्राणवायू लागतो आणि कोटीपोटात तो जवळपास नसतो. म्हणून ते काम पोटाबाहेर, जनावराने खाण्याआधी करून घ्यावे लागते. लाकडावर वाढणाऱ्या पांढऱ्या कुजीच्या बुरश्या लॅकेज आणि मँगनीज परॉक्सिडेज ही विकरे सोडून लिग्निन तोडतात. दक्षिण चिलीच्या जंगलात अशा बुरशीने पांढरे, मऊ झालेले ओंडके गुरे आपण होऊन खातात, ही जुनी नोंद आहे.

पांढऱ्या कुजीतही प्रत्येक बुरशीची खोड वेगळी. फॅनेरोकिटी क्रायसोस्पोरियम भराभर वाढते, पण लिग्निनबरोबर सेल्युलोजही फस्त करते, म्हणजे जनावराच्या ताटातले आपणच जेवते. सेरिपोरिऑप्सिस सबव्हर्मिस्पोरा लिग्निन निवडून खाते, पण तिचे बियाणे आपल्याकडच्या शेतकऱ्याला मिळत नाही. धिंगरी (प्लुरोटस) या दोघींच्या मधली. तिचे स्पॉन, म्हणजे बियाणे, मिळते, ती खाण्याची बुरशी आहे, आणि सोलापूरच्या हिवाळ्यात विनाखर्च वाढते. या घराने प्लुरोटस साजोर-काजू घेतली.

इथे एक घोटाळा आवर्जून सांगायला हवा, कारण तो फार वेळा होतो. पाचट कुजवण्यासाठी जी संवर्धके मिळतात, त्यांत बहुधा ट्रायकोडर्मा असते. तीही बुरशीच, तीही पाचटावरच टाकायची, म्हणून अनेकांना वाटते की तीच वापरून वैरण होईल. ट्रायकोडर्मा सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते. त्यातून खत चांगले होते, वैरण होत नाही. धिंगरीच्या पिशवीत तर ती पहिल्या क्रमांकाची शत्रू आहे. ज्या हातांनी शेतात संवर्धक टाकले ते हात, ती बादली, ती पोती धिंगरीच्या कामाला आणू नयेत.

पहिला घाणा : दोन चुका एकदम

नोव्हेंबरात सुरुवात झाली ती कडब्यापासून. घरात विकत घेतलेल्यातला थोडा कडबा शिल्लक होता आणि कुट्टी मशीन दारात होती, म्हणून ३० किलो कुट्टी घेतली. निर्जंतुकीकरणाची पद्धत अळिंबी विकण्यासाठी पिकवणाऱ्यांकडून जशीच्या तशी उचलली: १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डॅझिम आणि १२५ मिली फॉर्मेलिन, त्यात काड १८ तास बुडवून ठेवायचे. अळिंबी पिकवण्यासाठी ही पद्धत देशभर चालते. बुरशी उत्तम आली, तीन आठवड्यांत पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या.

मग लक्षात आले की हे जनावरापुढे टाकता येत नाही. अळिंबी पिकवणारा फळ तोडून विकतो, काड खतात टाकतो. इथे काडच खायचे आहे, तेही किलोकिलोने, आणि दावणीला दुधातली म्हैस आहे. बुरशीनाशक आणि फॉर्मेलिनमध्ये भिजवलेले काड कोणत्याही जनावराला घालू नये. सगळा घाणा उकिरड्यात गेला आणि तो निर्णय बरोबर होता. वैरणीसाठी निर्जंतुकीकरण फक्त उष्णतेने करायचे. अळिंबी पिकवणाऱ्या शेजाऱ्याकडून वापरलेले काड फुकट मिळत असेल, तरी त्याने ते कशात भिजवले होते हे आधी विचारावे.

दुसरी चूक रसायनापेक्षा खोल आहे आणि ती सहज दिसत नाही. पिशवी भरून आठ-दहा दिवस झाले की तिला हात लावून पाहा. ती कोमट लागते. ती ऊब म्हणजे जळत असलेली वैरण आहे. बुरशी लिग्निन मोडते ते फुकट मोडत नाही. वाढण्यासाठी ती पाचटातलीच साखर श्वासात जाळते आणि तो भाग कार्बन डायऑक्साइड वायू होऊन छिद्रांतून निघून जातो. धिंगरी तीन आठवडे ठेवली तर कोरड्या वजनातला सहावा-पाचवा हिस्सा सहज उडतो, जास्त दिवस ठेवली तर आणखी.

आता हिशेब करू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण प्रमाण खरे आहे. १०० किलो कडब्यातले ५२ किलो जनावराला पचते असे धरा. बुरशीनंतर ८१ किलो उरले. त्यातून पूर्वीएवढेच ५२ किलो पचायचे, तर पचनाचे प्रमाण ६४ टक्क्यांवर जायला हवे. ती उडी फार मोठी आहे. प्रमाण ५८ पर्यंत चढले, तर पदरात पडते ४७ किलो. म्हणजे वैरण 'सुधारली' आणि पाच किलो अन्न कमी झाले, वर स्पॉनचा खर्च. पाचटाचे गणित वेगळे. त्यातले ३६ टक्के पचते धरले, तर तेवढ्यालाच पोचायला ४४-४५ टक्के पुरतात, आणि तिथवर धिंगरी जाऊ शकते. शिवाय कच्चे पाचट जनावर पोटभर खातच नाही, आणि ते नाहीतरी पेटवलेच जाणार होते.

कोणत्याही मालासाठी हा हिशेब घरी बसून करता येतो: मूळ पचनाचा टक्का भागिले उरलेल्या वजनाचा हिस्सा. येणारा आकडा आवाक्यातला वाटत नसेल तर बुरशीच्या नादी लागू नये. ज्वारीचा कडबा, मक्याचा कडबा, हरभऱ्याचे भूस, सोयाबीनचे भुसकट या जनावर आवडीने खाते त्या गोष्टी आहेत. त्यांवर धिंगरी लावणे म्हणजे चांगली वैरण बुरशीला चारणे.

कडब्याचा कस वाढवायचाच असेल तर युरियाचा जुना रस्ता आहे. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, तुडवून हवाबंद झाकायचे, २१ दिवसांनी उघडून वास उडाल्यावर घालायचे. वजन घटत नाही. ४५ किलोची युरियाची गोणी २६६.५० रुपयांना, म्हणजे १०० किलोला युरिया साधारण २४ रुपयांचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरा-रेडकांना ही वैरण द्यायची नाही आणि तिच्याबरोबर कच्चे सोयाबीन तर अजिबात नाही, कारण सोयाबीनमधले युरिएज उरलेला युरिया झपाट्याने फोडते आणि अमोनियाची विषबाधा होते. या घराने कडब्यासाठी पुढे हेच केले. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत युरिया आणि बुरशी एकापाठोपाठ वापरण्याची पद्धतही बसवली गेली होती, 'कर्नाल प्रक्रिया' म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात कोप्रिनस जातीची बुरशी आहे आणि वजनाची घट तिथेही चुकत नाही.

दुसरा घाणा : अकरा हिरव्या पिशव्या

डिसेंबरात माल बदलला, पाचट घेतले. रसायने बंद, ड्रममध्ये वाफ. भरलेल्या २८ पिशव्यांपैकी ११ हिरव्या पडल्या.

हिरवी पडणारी पिशवी पहिल्या आठवड्यात चांगलीच दिसते. पांढरे धागे सुटतात, घरचे खूश होतात. मग आठव्या-नवव्या दिवशी मधूनच एक फिकट, पिठूळ डाग दिसतो, दोन दिवसांत तो गर्द हिरवा होतो. पिशवीला नाक लावले तर ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. तो ट्रायकोडर्माचा. निरोगी धिंगरीच्या पिशवीला ताज्या अळिंबीचा गोडसर वास असतो. आंबूस वास आला तर पाणी जास्त झाले आहे आणि आत हवा नाही. काळी भुकटी दिसली तर अ‍ॅस्परजिलस समजून पिशवी न उघडता वस्तीपासून लांब पुरावी.

कारणे शोधली तेव्हा तीन सापडली. पाचट चारच तास भिजवले होते. उसाच्या पाल्यावर मेणाचा थर असतो. पाणी वरून घसरते आणि कुट्टी पिंपात तरंगत राहते. वरून ओली दिसणारी कांडकी मोडली की आत कोरडी. कोरड्या भागात वाफेची उष्णता नीट शिरत नाही आणि तिथले बीजाणू जगतात. दुसरे, ड्रमच्या झाकणाला लावलेला थर्मामीटर ९० अंश दाखवत होता म्हणून तासाभरात जाळ काढला. मालाच्या मध्यभागी तेव्हा ५५ सुद्धा नव्हते. तिसरे कारण सगळ्यात साधे. वाफवलेला माल थंड व्हायला ओसरीत पसरला होता आणि पाच पावलांवर कुट्टी मशीन चालू होती. कडब्याची धूळ म्हणजे बीजाणूंचा ढग.

उरलेल्या १७ पिशव्या वापरता आल्या असत्या. पण घरातल्यांनी आणखी एक लोभ केला: आधी अळिंबी काढू, विकू, मग काड जनावराला. पिशव्या फाडल्या, पाणी मारले, दोन तोडे घेतले. त्यात पाच-सहा आठवडे गेले. तोपर्यंत काड तपकिरी, हलके आणि माश्यांनी भरलेले झाले होते. बुरशीने मोकळी केलेली साखर आणि जमवलेली प्रथिने फळात चढली आणि फळ बाजारात गेले. मागे राख आणि उरलेला चोथा. म्हशीने तोंड लावले नाही. अळिंबी हवी की वैरण, हे पिशवी भरायच्या दिवशीच ठरवावे लागते.

तिसरा घाणा, जो जमला

जानेवारीत, ६० किलो कोरडे पाचट. पाचट त्याच हंगामातले, पिवळे, पावसात न भिजलेले. करडे पडलेले, जमिनीला चिकटलेले, मातकट माल बाजूला काढला. कुट्टी दोन ते चार सेंटीमीटर. त्याहून बारीक केली तर पिशवीत गच्च बसते आणि हवा कोंडते, लांब ठेवली तर धारदार कडांनी पिशवी फाटते.

कुट्टी शेडनेटच्या पोत्यांत भरून, वर दगड ठेवून स्वच्छ पाण्यात १४ तास बुडवली. संध्याकाळी सहाला घातली, सकाळी आठला काढली. जानेवारीची रात्र थंड असते म्हणून एवढा वेळ चालतो. ऊन असेल तर पाणी आंबते. कूसही या भिजवण्याने आणि वाफेने मऊ होऊन जाते, कच्च्या पाचटात ती जनावराच्या तोंडाला टोचते.

वाफेसाठी २०० लिटरचा ड्रम. तळापासून एक वीत वर बांबूच्या तुकड्यांवर लोखंडी जाळी, खाली २५ लिटर पाणी, जाळीवर ४० किलोच्या आसपास ओला माल, न दाबता. मधोमध एक पोकळ पाइप उभा भरला आणि त्यातून थर्मामीटर मालाच्या पोटात सोडला. वर पोते आणि झाकण. तुराट्यांचा जाळ. मालाच्या मध्यावर ८० अंश झाले तिथून घड्याळ लावले आणि दोन तास ८० च्या खाली जाऊ दिले नाही. जाळ काढून झाकण तसेच ठेवून रात्रभर निवू दिले. पूर्ण माल चार ड्रममध्ये उरकला, दोन दिवस लागले.

निवलेला माल दार-खिडक्या बंद असलेल्या खोलीत, धुऊन चुन्याचे पाणी मारलेल्या फरशीवर काढला. ओल पाहायची ती मुठीत. मूठभर कुट्टी घ्या, जोर लावून आवळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब जमावेत आणि मूठ उघडल्यावर तळवा ओला दिसावा, एवढी ओल बरोबर, ती ६५ टक्क्यांच्या जवळ असते. धार लागली तर आणखी निथळू द्यावे. तळवा कोरडा राहिला तर बुरशी अर्ध्यात थांबेल. या घाण्यात ओल्या मालाचे वजन १५५ किलो भरले.

स्पॉन ओल्या मालाच्या अडीच टक्के, म्हणजे ४ किलो. ते ज्वारीच्याच दाण्यावर वाढवलेले होते, १०० रुपये किलोने मिळाले. ताजे स्पॉन पांढरे असते, दाणे हाताने सुटतात. पिवळे पाणी सुटलेले किंवा घट्ट गोळा झालेले घेऊ नये. अळिंबीसाठी थर देऊन भरतात, वैरणीसाठी सगळ्या मालात कालवून भरणे बरे, बुरशी एकसारखी आणि लवकर पसरते. पाच-पाच किलोच्या ३१ पिशव्या झाल्या. माल हलक्या हाताने दाबून तोंड बांधले आणि प्रत्येकीला सुईने नव्हे तर अर्ध्या सेंटीमीटरची १०-१२ छिद्रे पाडली.

पिशव्या जुन्या घरातल्या पांढऱ्या मातीच्या खोलीत मांडणीवर ठेवल्या, एकीवर एक न रचता, मधे चार बोटे जागा सोडून. आतला माल खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त तापतो, म्हणून खोली २२ ते २८ अंशांत हवी. सोलापूरकडे ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपोआप असते, आणि पाचट निघण्याचा काळही तोच. मार्चच्या मध्यापासून पत्र्याच्या शेडमध्ये हा प्रयोग कुणी करू नये. ३५ अंशांच्या वर धिंगरी मंदावते आणि उष्णता सोसणाऱ्या काळ्या-हिरव्या बुरश्या जागा घेतात. दारावर ओले गोणपाट होते, उजेड नव्हता.

बाविसाव्या दिवशी पिशव्या पूर्ण पांढऱ्या झाल्या. दाबून पाहिले तर माल विटेसारखा एकसंध. टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसायच्या आत काम थांबवायचे असते, म्हणून त्याच दिवशी सगळ्या उघडल्या. कांडकी बोटांनी पिळली की उभी चिरते, कडा धारदार राहत नाही, रंग सोनेरीवरून फिकट पांढुरका झालेला. दोन पिशव्यांत हिरवा ठिपका निघाला. ठिपका काढून बाकीची वापरावी असा मोह होतो, पण त्या दोन्ही अख्ख्या टाकल्या. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात, आणि बुरसलेल्या काडाने म्हशींच्या शेपटीची, कानांची टोके आणि खूर सडण्याचा डेगनाला रोग होतो हे पशुवैद्यकांना चांगले माहीत आहे.

उरलेल्या २९ पिशव्यांचा माल फोडून ताडपत्रीवर दोन बोटे जाडीने उन्हात घातला. दिवसातून तीनदा परतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कांडकी कटकन मोडू लागली. वजन ४७ किलो. घालताना प्रत्येक पिशवीत स्पॉनचे दाणे धरून २ किलो कोरडा माल होता, म्हणजे २९ पिशव्यांत ५८ किलो. ११ किलो, म्हणजे १९ टक्के, बुरशीने घेतले. हे वजन प्रत्येक घाण्याला करायलाच हवे. घट २५ च्या पुढे गेली तर दिवस जास्त झाले किंवा खोली तापली.

चारणे

सुरुवात भाकड म्हैस आणि वगारीपासून. दुधातल्या जनावरावर नवी वैरण आजमावू नये, आणि सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला किंवा व्यायला टेकलेल्या म्हशीला ती देऊच नये. पहिले तीन दिवस पाव किलो, कडब्याच्या कुट्टीत मिसळून, वर गुळाच्या पाण्याचा शिंतोडा. पुढे दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवत पंधराव्या दिवशी २ किलोवर आणले आणि तिथेच थांबले. म्हशीच्या दिवसाच्या कोरड्या वैरणीचा हा पाचवा हिस्सा होतो. बाकी कडबा, मिळेल तेवढे हिरवे, किलोभर सरकी पेंड, ५० ग्रॅम क्षार मिश्रण आणि चिमूटभर नव्हे, ३० ग्रॅम मीठ. पेंड बंद करायची नाही: वजन घटल्याने प्रथिनांचा टक्का थोडा वर दिसतो, पण या वैरणीवर एकट्याने जनावर तगत नाही.

पचनाचे प्रमाण गोठ्यात मोजता येत नाही, गव्हाणीत उरते ते मोजता येते. तुलनेसाठी आधी आठवडाभर कच्च्या पाचटाची २ किलो कुट्टी टाकून पाहिली होती. सकाळी निम्म्याहून जास्त उरायची, आणि उरलेली बहुतेक पानाची जाड मधली शीर. बुरशीच्या वैरणीत दोन आठवड्यांनंतर पाव किलोच्या आसपास उरू लागले. शेण घट्ट-पातळ झाले नाही, त्यातल्या लांब काड्या कमी झाल्या, रवंथ नेहमीसारखा चालू राहिला. या तिन्हींपैकी काही बिघडले, पोट फुगले किंवा जनावराने लाळ गाळली, तर वैरण त्याच वेळी बंद करून डॉक्टरांना बोलवायचे.

खर्चाचा मुद्दा कडू आहे. स्पॉन ४०० रुपये, पिशव्या ९०, सरपण घरचे. मजुरी न धरता ४७ किलोला ४९०, म्हणजे किलोला साडेदहा रुपयांच्या जवळ. जूनमध्ये शेकडा २,५०० चा कडबा, पेंढी दोन किलोची धरली तर, साडेबारा रुपये किलो. दोन माणसांचे दोन-अडीच दिवस धरले की फरक संपतो. म्हणून पुढच्या हंगामात एक बदल केला: एका घाण्यातल्या तीन निवडक, निखळ पांढऱ्या पिशव्या, म्हणजे १५ किलो ओला माल, पुढच्या घाण्याला स्पॉनऐवजी ओल्या वजनाच्या दहा टक्के प्रमाणात लावला. त्या घाण्याचा स्पॉनचा खर्च शून्य. हे एकदाच चालते. त्यातूनच तिसऱ्यांदा लावले की भेसळ वाढत जाते, म्हणून एक घाणा स्पॉनचा, एक पिशव्यांचा असे आलटून-पालटून. सरासरी खर्च किलोला सहा-साडेसहा रुपयांवर आला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सात घाणे झाले आणि वाळवलेला माल सव्वातीनशे किलोच्या घरात गेला. गोणपाटाच्या पोत्यांत, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवला. प्लॅस्टिकच्या पोत्यात थोडी ओल राहिली तरी आतून बुरसतो. एप्रिलच्या दहा तारखेपासून भाकड म्हैस आणि वगार मिळून रोज ४ किलो, तो जूनअखेरपर्यंत पुरला, आणि तेवढा कडबा दुधातल्या म्हशीसाठी आणि गायीसाठी वाचला.

सात घाण्यांना पाचट लागले ४२० किलो. उरलेले साडेआठ टन या घराने आता पेटवणे बंद केले आहे: खोडव्याच्या सरीत आच्छादन म्हणून पसरून त्यावर पाणी सोडतात, आणि ट्रायकोडर्माचे संवर्धक तिथे टाकतात. त्याची बादली वेगळी आहे, तिला लाल रंगाचा पट्टा मारला आहे आणि ती अळिंबीच्या खोलीकडे नेत नाहीत.